उबवणीचीं अंडीं आणि विकणाऱ्याचें इमान

कोंबडीचें अंडें हातीं घेऊन तें खाण्याचें कीं उबवण्याचें, हें वरून पाहणाऱ्यास सांगतां येत नाहीं. तें कोणत्या कोंबडीचें, तिच्यापाशीं नर कोणता होता, तें कालचें कीं पंधरा दिवसांचें, घालणारी कोंबडी निरोगी होती कीं रोगट, ह्यांतलें एकही कवचावर लिहिलेलें नसतें. घेणारा घेतो तो विकणाऱ्याच्या शब्दावर. आमच्या सोसायटीच्या कित्येक सभासदांनीं अलीकडे कडकनाथ, असील अशा जुन्या जातींच्या कोंबड्या पाळून त्यांचीं उबवणीचीं अंडीं विकण्याचा जोडधंदा मांडला आहे, आणि हा धंदा करतांना आपली जबाबदारी कोठवर समजावी, अशी विचारणा त्यांच्याकडून वरचेवर होत असते. आम्ही स्वतः हा धंदा कांहीं वर्षें लहान प्रमाणावर करीत आहों आणि त्यांत आमच्या हातून एक चूकही घडली आहे. ती पुढें सांगणारच आहों. तेव्हां ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत पोंचतो, तें वाचकांनीं ठरवावें.

आधीं जातीची थोडी ओळख करून देणें बरें. कडकनाथ ही मूळची मध्यप्रदेशांतील झाबुआ, अलिराजपूर व धार ह्या जिल्ह्यांतील जात. भिल्ल व भिलाला लोकांनीं ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगणांत राखिली. तिकडे तिला 'कालामासी' असेंही म्हणतात, कारण तिचें पीस, कातडी, चोंच व पाय तर काळे असतातच, पण आंतील मांसही काळें असतें. अंडें मात्र काळें नसतें. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितों, कारण 'काळें अंडें' म्हणून मागणारे व देऊं म्हणणारे दोघेही आम्हांस भेटले आहेत. कडकनाथाचें अंडें फिकट तपकिरी व लहानसर, ४५ ग्रॅमांच्या आसपास भरतें. कोंबडी वर्षाला सुमारें ८० ते १०० अंडीं देते आणि खुडूक म्हणून फारशी बसत नाहीं; म्हणून तिचीं अंडीं गावरान कोंबडीखालीं किंवा यंत्रांत उबवावीं लागतात. ह्या जातींत तीन वाण आहेत: निव्वळ काळा, पिसांवर रेघा असलेला आणि सोनेरी झांक असलेला. हा तिसरा वाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, त्याचें काम पुढें पडणार आहे.

२०१८ सालीं झाबुआच्या कडकनाथाच्या मांसास भौगोलिक मानांकन मिळालें. छत्तीसगडांतील दंतेवाड्यानेंही त्यावर हक्क सांगितला होता, त्यामुळें वर्तमानपत्रांत ह्या कोंबडीचें नांव गाजलें आणि जो तो कडकनाथ कोठें मिळेल असें विचारूं लागला. त्या लाटेचा शेवट २०१९ सालीं सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरच्या प्रकरणानें सर्वांस दिसला. एका कंपनीनें शेतकऱ्यांकडून रकमा घेऊन कडकनाथाचीं पिलें दिलीं, अंडीं व पक्षी आम्हीच चढ्या दरानें परत घेऊं असें कबूल केलें, आणि पुढें घेणें थांबलें. अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या पदरीं खाणारीं तोंडें तेवढीं उरलीं. त्यांच्या तक्रारींवरून गुन्हे नोंदले गेले. कोंबडीचा त्यांत दोष कांहीं नव्हता. पण अंडें जेव्हां खाणाऱ्यासाठीं न विकतां पुढें अंडीं विकणाऱ्यासाठीं विकलें जातें, आणि तो तिसऱ्या विकणाऱ्यास शोधीत असतो, तेव्हां त्या साखळीच्या शेवटीं कोणीतरी एक उपाशी राहणारच असतो.

हें दुखणें आमच्याच देशाचें आहे असेंही नाहीं. अमेरिकेंत बॉस्टन शहरीं १८४९ सालीं कोंबड्यांचें पहिलें मोठें प्रदर्शन भरलें आणि पुढें पांचसहा वर्षें त्या मुलखांत चीनकडील व आपल्या चितगांवाकडील म्हणून सांगितलेल्या मोठ्या कोंबड्यांचें असें वेड माजलें कीं, त्यास 'कोंबडीज्वर' हेंच नांव पडलें. ब्रह्मपुत्रेचें नांव लावलेली ब्रह्मा जात त्याच धामधुमींतली. त्या व्यापारांत पुढें असलेले बर्नहॅम नांवाचे गृहस्थ ज्वर उतरल्यावर १८५५ सालीं त्याचा इतिहास लिहून मोकळे झाले, आणि नांवावर किंमत कशी चढते हें त्यांनीं मोठ्या विनोदानें सांगितलें. विकणाऱ्यास विनोद सुचतो. घेणाऱ्यानें लिहिलेलें असें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं.

उबवणीचें अंडें म्हणजे बियाणें होय. आमचा कास्तकार बियाण्याच्या व्यवहारांत होरपळून निघालेला आहे, म्हणून त्याच्याशीं ताडून पाहिल्यास ही गोष्ट लवकर समजेल. बियाण्यासाठीं १९६६ चा कायदा आहे. सोयाबीनच्या पिशवीस लेबल असतें, त्यावर उगवणशक्ति, शुद्धता व तपासणीची तारीख छापलेली असते. शेंकडा ७० उगवण हें सोयाबीनचें किमान प्रमाण ठरलेलें आहे. तरीही २०२० च्या खरिपांत सोयाबीन उगवलें नाहीं म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, दुबार पेरण्या झाल्या, शेताशेतांतून पंचनामे झाले. आमची उभी नोकरी तहसिलींत कारकुनींत गेली. तिच्या शेवटच्या वर्षांत अशा अर्जांचे गठ्ठे आम्हीं आपल्या हातानें बांधले आहेत. कायदा असूनही नुकसान भरून येण्यास किती कागद लागतात, हें आम्ही जाणतों. पण त्या कास्तकाराच्या हातीं निदान रिकामी पिशवी तरी असते. अंड्यास पिशवी नाहीं, लेबल नाहीं, आणि न फुटलेलें अंडें एकविसाव्या दिवसानंतर घाण मारूं लागलें कीं उकिरड्यावर जातें; पुरावाही त्याबरोबर जातो. शिवाय बियाणें उगवलें नाहीं तर तें आठवड्यांत कळतें. अंड्यांतील जातीचा खोटेपणा कळण्यास चार ते सहा महिने लागतात आणि तोंपर्यंत घेणाऱ्यानें दाणापाणी, लस, जागा आणि स्वतःचा शब्द, सगळें त्यांत घातलेलें असतें. जमिनीचा सातबारा निघतो. कोंबडीचा निघत नाहीं.

आतां आमची चूक.

२०२१ सालीं सेवेंतून मोकळें झाल्यावर काटोल रस्त्याकडील आमच्या शेतांत आम्हीं झाबुआकडून आणलेल्या कडकनाथाच्या कांहीं तलंगा व दोन नर ठेविले. कारकुनीची संवय सुटत नाहीं; रोजचीं अंडीं, तारीख, खुराड्याचा क्रमांक, सर्व एका वहींत उतरवूं लागलों. पुढील वर्षीं मार्गशीर्षांत उमरेड तालुक्यांतील एक बाई अंड्यांसाठीं आली. गांवच्या बचत गटाचें काम ती पाहात असे. तेरा अंड्यांची एक रवण, अशा तीन रवणी तिनें घेतल्या: ३९ अंडीं, दर चाळीस रुपये, एकूण १,५६० रुपये. पैसे गटाचे आहेत, हें तिनें दोनदां सांगितलें. अंडीं धानाच्या कोंड्यांत रचून, टोपली मांडीवर घेऊन ती एस.टी.नें गेली. महिन्याभरानें निरोप आला कीं, २६ पिलें निघालीं, सर्व काळीं. आम्हांस फार समाधान वाटलें.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ती दोन पक्षी पिशवींत घालून पुन्हां आली. त्यांतील नराच्या मानेवर सोनेरी पिसें उतरलीं होतीं, आणि तुरा जांभळट काळा असावयाचा तो चांगलाच तांबडा होता. "काकाजी, हे असेच राह्यतेत का जी?" असें तिनें विचारलें. आवाजांत तक्रार नव्हती. आम्हीं चटकन्‌ उत्तर दिलें कीं, कडकनाथांत सोनेरी वाणही असतो.

हें वाक्य खोटें नव्हे. आम्हींच तें वर लिहिलें आहे. परंतु आमच्या खुराड्यांत सोनेरी पक्षी एकही नव्हता, हें आम्हांस त्या क्षणीं ठाऊक होतें आणि तिला ठाऊक नव्हतें. ती चहा घेऊन समाधानानें परत गेली.

त्या रात्रीं वही काढली, सालदारास बोलावून विचारलें. त्यानें सांगितलें कीं, मार्गशीर्ष लागतां लागतां जाळीचा एक कोपरा उचकटला होता आणि शेजारच्या शेतांतील तांबडा गावरान कोंबडा तीन दिवस आंत होता. त्यानें त्याला हांकून जाळी बांधली. अंडीं रोज मिळतच होतीं, म्हणून सांगण्यासारखें त्यांत त्यास कांहीं वाटलें नाहीं. तो कोंबडा काळ्या पायांचा होता. त्यानंतर आठव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत गोळा केलेलीं अंडीं त्या बाईच्या टोपलींत गेलीं होतीं. वहींत तसें आमच्याच अक्षरांत लिहिलेलें होतें.

मग आम्हीं काय केलें? कांहींच केलें नाहीं. मनाची समजूत घातली कीं, आपले दोन नरही आंत होतेच, तेव्हां २६ पैकीं दहाबाराच पक्ष्यांत फरक असेल; बाई संतुष्ट आहे; आपण तोंडानें असत्य बोललों नाहीं; सालदाराची चूक आहे. कारकुनास अशीं टिपणें मनांत चटकन्‌ तयार करतां येतात. अडीच महिने गेले. आषाढांत तिचा फोन आला. तिनें आठ तलंगा गांवांतील आठ घरीं विकल्या होत्या, आणि तीं घरें आतां अंडीं मागत होतीं. तेव्हां आणखी तीन रवणी हव्यात, दर कांहींही असो, कारण 'तुमच्या नांवावरच तर गेल्या कोंबड्या.' हें ऐकल्यावर आम्हांस गप्प राहवेना.

दुसऱ्या दिवशीं १,५६० रुपये घेऊन आम्ही उमरेडची एस.टी. धरली. सगळी हकीकत तिला सांगितली. सोनेरी वाणाचें उत्तर आपण जाणूनबुजून दिलें, हेंही सांगितलें. तिनें पैसे मोजले, गटाच्या वहींत ठेविले आणि म्हणाली, "हे तर गटाचे झाले. त्या आठ घरी कोण सांगंल?" तिच्याबरोबर आम्ही आठही घरीं गेलों. बहुतेक ठिकाणीं कोणी फारसें बोललें नाहीं. एका घरीं म्हातारीनें एवढेंच विचारलें कीं, कोंबडी अंडें देईल ना? ती देऊं लागली होती. आमच्या घरच्या कडकनाथांच्या आधीं आणि त्यांच्याहून मोठें. आमचा अपराध काय, तें त्या म्हातारीस शेवटपर्यंत कळलें नाहीं, आणि आम्हांसही तिच्यापुढें तो नीट सांगतां येईना. सातव्या घरीं मात्र तेथल्या मुलानें त्या कोंबडीचीं पहिलीं अंडीं कडकनाथाचीं म्हणून कुहीच्या बाजारांत उबवण्यासाठीं विकलीं होतीं. नर कोणता, हें कोणीं विचारलें नव्हतें. कोणास विकलीं, तें त्या मुलास माहीत नव्हतें. तेथें आमची वाट संपली.

येतांना एस.टी.त आम्ही विचार करीत होतों कीं, फसला कोण? म्हातारी फसली नाहीं. तिला मिश्र रक्ताची कोंबडी शुद्ध कडकनाथापेक्षां अधिकच उपयोगी पडणार होती. बाईचे पैसे परत झाले. फसला तो कुहीच्या बाजारांतील अनोळखी मनुष्य, आणि त्याच्याकडून जो पुढें घेईल तो. जुन्या जातीच्या अंड्याच्या धंद्यांतील अपराध बहुधा समोरच्या गिऱ्हाइकाशीं होतच नाहीं. त्याच्या पाठीमागें उभ्या असलेल्या, आपणांस न दिसणाऱ्या माणसाशीं होतो. म्हणून 'माझें गिऱ्हाईक खूष आहे' हा दाखला ह्या धंद्यांत पुरेसा नाहीं.

ह्यांत शास्त्राची बाजू थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण पुष्कळ प्रामाणिक कास्तकारांच्या हातूनही अज्ञानानें हेंच घडतें. नराचा संग एकदां झाल्यावर त्याचें बीज कोंबडीच्या पोटांत सांठून राहतें, आणि पुढें दहा ते चौदा दिवस, कधीं तीन आठवडेपर्यंतही, त्याच बीजानें अंडीं फळत राहतात. तेव्हां परका नर हांकून दिला कीं दुसऱ्या दिवसापासून अंडीं शुद्ध झालीं, ही समजूत चुकीची आहे. परका नर आंत शिरल्याचें आढळल्यास पुढचे तीन आठवडे, आमच्या मतें चार, त्या खुराड्यांतील एकही अंडें उबवणीस विकूं नये; खाण्यास विकावें. दुसरें असें कीं, कडकनाथाच्या काळेपणाचें मुख्य बीज प्रबळ आहे. त्याचा दुसऱ्या जातीशीं संकर झाला, आणि ती जात काळ्या पायांची असली, तर पहिल्या पिढीचीं पिलें बहुधा काळींच निघतात. काळें पिलूं हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. जीभ, तुरा व गलोल नीट पाहावे. मोठ्या पक्ष्याची जीभ ठिपकेदार किंवा तुरा लालभडक दिसला तर संशय धरावा. खरा उलगडा दुसऱ्या पिढींत होतो, जेव्हां काळ्यांबरोबर गोरीं पिलें निघूं लागतात. पण तोंवर अंडीं कुहीच्या बाजारांत पोंचलेलीं असतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे चांगले पाळणारेही काणाडोळा करतात. एकाच नराच्या व सख्ख्या बहिणी असलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांची रवण विकली, तर घेणाऱ्याचा सगळा कळप भावंडांचा होतो, आणि दोनतीन पिढ्यांत अंडीं फळण्याचें व पिलें जगण्याचें प्रमाण घटूं लागतें. जात शुद्ध, पण कळप क्षीण. विकणाऱ्यानें आपण होऊन सांगावें कीं, नर दुसरीकडून आणा. आपलें एक गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवावें लागतें खरें. त्यास इलाज नाहीं.

सोसायटीच्या बैठकींत एका सभासदानें आमच्याशीं वाद घातला. त्याचें म्हणणें असें कीं, 'आम्ही अंडें विकतों, पिलूं विकत नाहीं; घेणाऱ्यानें तें कसें उबवलें ह्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं.' ह्यांत अर्धें खरें आहे. यंत्रांत ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता सांभाळावी लागते, अठराव्या दिवसापर्यंत अंडीं दिवसांतून निदान तीनचार वेळां फिरवावीं लागतात, शेवटच्या तीन दिवसांत ओलावा वाढवावा लागतो. हें ज्यानें केलें नाहीं त्याच्या मेलेल्या पिलांची भरपाई विकणाऱ्यानें कां द्यावी? पण अंडें फळलेलें आहे, सात दिवसांहून जुनें नाहीं, सांगितलेल्याच जातीचें आहे आणि निरोगी कळपाचें आहे, ह्या चार गोष्टी विकणाऱ्याच्याच हातांत आहेत, घेणाऱ्याच्या मुळींच नाहींत. त्यांचा भार त्याचाच. आम्ही प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनें घातल्याची तारीख लिहितों. सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत दिव्यासमोर धरून पाहावें. ज्यांत रक्ताच्या शिरा न दिसतां स्वच्छ उजेड दिसेल तें अंडें फळलेलें नाहीं, त्याच्याबद्दल आम्ही दुसरें देतों. ह्यांत एखादा लबाडी करील ही भीति आम्हांसही होती. आतांपर्यंत एकानें केली. दोन नरांमागें पंधरासोळा कोंबड्यांपेक्षां अधिक न ठेवल्यास अशीं अंडीं फार निघतही नाहींत.

वाटेंतील नुकसानीचें काय, हा प्रश्न अवघड आहे. घरच्या खुडूक कोंबडीखालीं ठेवलेल्या दहा अंड्यांतून आमच्याकडे आठनऊ पिलें निघतात. तींच अंडीं पार्सलानें दूर पाठविलीं तर पांच निघालीं तरी आम्ही संतोष मानतों. धक्क्यानें आंतील हवेची पोकळी सुटते. पोंचल्यावर टोंक खालीं करून दिवसभर स्वस्थ ठेवावीं आणि मगच उबवणीस लावावीं, हें सांगितल्यानें थोडा बचाव होतो. ही घट किती होते तें पैसे घेण्याआधीं सांगावें, नंतर नव्हे.

उन्हाळ्याविषयीं मात्र आमचें मत ठाम आहे. अंडें कोंबडीच्या पोटांतून बाहेर पडतें तेव्हांच त्यांत जीव वाढूं लागलेला असतो. थंड जागीं, साधारण १५ ते १८ अंशांत, ती वाढ थांबून राहते व उबवणीची ऊब मिळाली कीं पुन्हां सुरू होते. आमच्या नागपुराकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत एस.टी.च्या टपावर पडलेलें अंडें ना धड उबतें ना थांबतें; आंतल्या आंत अर्धवट वाढून मरतें. असें अंडें विकणारा विकतांनाच जाणत असतो कीं, ह्यांतून पिलूं निघणार नाहीं. म्हणून चैत्र सरल्यापासून मृगाच्या सरी पडेपर्यंत आम्ही उबवणीचीं अंडीं विकत नाहीं. मागणी नेमकी लग्नसराईच्या सुट्टींत येते, शहरचे लोक गांवीं येतात, दर दुप्पट द्यावयास तयार असतात. ज्यांच्या घरांत थंड खोली आहे त्यांनीं समोर येऊन नेणाऱ्यास द्यावीं. पार्सल करूं नये.

रोगाची बाब सर्वांत गंभीर आहे, आणि तीविषयीं तडजोड नाहीं. पांढरी हगवण हा रोग कोंबडीकडून अंड्यांतून पिलांत उतरतो. वरून धष्टपुष्ट दिसणारी कोंबडी तो वर्षानुवर्षें बाळगते. अमेरिकेंत १९३५ सालीं उबवणीचे कळप रक्त तपासून नोंदण्याची योजना सुरू झाली ती मुख्यतः ह्याच रोगासाठीं. आपल्याकडे छोट्या पाळणाऱ्यावर तशी सक्ती नाहीं, म्हणून हें त्याच्या विवेकावर राहतें. नागपुरांत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तेथें विचारपूस करून कळपाची तपासणी करून घ्यावी. आणि खुराड्यांत मर लागली कीं, कारण कळेपर्यंत अंडें, पक्षी, टोपली, कांहींही बाहेर जाऊं देऊं नये. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांत प्रथमच बर्ड फ्लू आढळला आणि त्या परिसरांतील लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. नंदुरबार व धुळें हाच बुसरा ह्या आपल्या जुन्या जातीचा मुलूख; अशा साथींत फार्मवरच्या पांढऱ्या कोंबडीबरोबर अंगणांतली देशी कोंबडीही जाते, आणि फार्मवाला दुसरी आणूं शकतो, जुनी जात मात्र कोठून आणावी? मार्च २०२४ मध्यें आमच्या नागपुरांतीलच सरकारी कुक्कुट केंद्रांत हा रोग शिरला. तेथील हजारों पक्षी मारून अंडींही नष्ट करावीं लागलीं. देखरेखींतील सरकारी केंद्राची ही गत, तर आमच्या तारेच्या जाळीची काय कथा. मर लागली असतां 'अंडीं वायां जातील' म्हणून घाईनें विकणाऱ्यास आम्ही शेजारी म्हणणार नाहीं.

किंमतीविषयीं आम्हांस फारसें म्हणावयाचें नाहीं. निराळा कळप राखावयाचा, नर वेगळे पोसावयाचे, तीन आठवड्यांचीं अंडीं कधीं खाण्याच्या भावांत काढावयाचीं, ह्याचा खर्च असतो; तो घ्यावा. पण मांसानें अमुक रोग बरा होतो, तमुक विकार जातो, असें सांगून दर चढविणें हें औषधविक्याचें काम आहे, कास्तकाराचें नव्हे. तसेंच, नागपुरांत वाढलेल्या पक्ष्यास झाबुआचें नांव लावूं नये. तें मानांकन त्या मुलखाचें व ज्यांनीं जात राखिली त्यांचें आहे. आम्हीं तेथून पक्षी विकत आणले म्हणून नांवही विकत आणलें असें होत नाहीं. आणि घरांतील मुलांस अंडीं खाऊं घालण्यासाठीं कोंबडी हवी म्हणून कोणी गरीब मनुष्य आला, तर त्यास कडकनाथ देऊं नये. अधिक अंडीं देणारी हैदराबादची वनराजा किंवा बंगळूरची गिरिराजा घे, नाहीं तर तुझी गावरानच बरी आहे, असें त्यास सांगावें. आम्हीं असें सांगून गेल्या वर्षीं चारपांच गिऱ्हाइकें घालविलीं. घरांत त्याबद्दल बोलणींही खाल्लीं.

उमरेडची ती बाई गेल्या मार्गशीर्षांत पुन्हां आली. तीन नव्हे, एकच रवण मागितली. अंड्यांस हात लावण्याआधीं ती जाळीभोंवतीं एक फेरी मारून आली, कोपऱ्यांतील तार ओढून पाहिली आणि सालदारास दोन प्रश्न विचारले. मग वही मागितली. आम्हीं ती तिच्यापुढें ठेविली. पेन्सिलीनें लिहिलेली प्रत्येक अंड्यावरची तारीख तिनें वहीशीं ताडून पाहिली. एक अंडें आठ दिवसांचें निघालें, तें बाजूस काढून दुसरें मागून घेतलें, आणि पैसे मोजून दिले.